शुक्रवारच्या स्वयंपाकघरापासून सुरुवात: घरी शब्बाथ पाळू लागणाऱ्यांसाठी

आपल्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुदी, समाजातली बरीच तरुण जोडपी आता सिनेगॉगपासून (प्रार्थनामंदिरापासून) लांब राहतात. कुणी बदलापूरला, कुणी बंगळूरला, कुणी दुबईत. नवं घर होतं, मूल होतं, आणि एखाद्या शुक्रवारी मनात येतं की आजीकडे या वेळी शब्बाथचा, म्हणजे शुक्रवार सूर्यास्तापासून शनिवार रात्रीपर्यंतच्या विश्रांतीच्या दिवसाचा, दिवा लागायचा, आपल्याकडे काहीच होत नाही. मग पुस्तकं येतात, व्हिडिओ बघून होतात, नियमांचा ढीग दिसतो आणि सगळं पुढच्या सणावर ढकललं जातं. हा गुंता मला चांगला माहीत आहे. माझ्या माहेरी ठाण्याला दिवा होता, मनुकांचं शर्बत होतं. पण कुठली बेराखा (आशीर्वचन) कधी म्हणायची, गॅसचं काय, फ्रीज उघडला की लागणाऱ्या दिव्याचं काय, हे मी लग्नानंतर घरातल्या मोठ्यांना आणि हझानांना (सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्यांना) विचारत विचारत शिकले. ते सगळं इथं क्रमानं लिहिते आहे.

पावित्र्य म्हटलं की डोळ्यांसमोर उपास, मौन, डोळे मिटून बसलेला माणूस येतो. आपल्याकडे त्याची जागा बहुतेक वेळा ओट्यापाशी, जेवणाच्या टेबलापाशी आणि पैशाच्या पाकिटापाशी असते. तालमूदमध्ये, म्हणजे रब्बींच्या (धर्मगुरूंच्या) चर्चांच्या जुन्या ग्रंथात, शब्बाथच्या तयारीची एक यादी आहे. ज्यांच्या शब्दावर निवाडे होत ती माणसं शुक्रवारी काय करत होती ते त्यात सांगितलंय: राव हिस्दा बीट चिरत, रावा मासा खारवत, राव योसेफ लाकडं फोडत, रब्बी झेरा चूल पेटवत. पुढे अठराव्या शतकात पूर्व युरोपात बाल शेम तोव या गुरूंनी आणि त्यांच्या हसीदी (भक्तिपंथी) शिष्यांनी खाणंपिणं, धंदा, प्रवास यांतून होणाऱ्या सेवेवर फार भर दिला. म्हणून ‘मला अजून तसं काही आतून वाटत नाही’ या कारणासाठी थांबू नका. हात कामाला लावा, वाटणं मागून येतं.

आपल्या समाजाचीच गोष्ट घ्या. पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या, असं आपली परंपरा सांगते. ग्रंथ गेले, हिब्रू विसरली. टिकलं ते शेमाचे (देव एकच आहे असं सांगणाऱ्या प्रार्थनेचे) शब्द, आठव्या दिवशीची सुंता, खवल्यांचाच मासा आणि शनिवारी बंद राहणारा तेलाचा घाणा. कोकणातल्या शेजाऱ्यांनी आपल्याला ‘शनवार तेली’ म्हटलं ते या बंद घाण्यावरून. पुस्तक हाताशी नसताना पिढ्यान्‌पिढ्या जे तगलं, ते सगळं शरीरानं आणि हातानं करायचं होतं.

आधी या वस्तू जमवा

- दोन दिवे किंवा मेणबत्त्या. तेलाचा दिवा असेल तर काचेचा पेला, वाती आणि खोबरेल तेल.
- किद्दूशसाठी (शब्बाथच्या जेवणाआधी पेल्यावर म्हणायच्या प्रार्थनेसाठी) पेला. निदान ८६ मिलीलीटर मावेल एवढा. चांदीचा असला तर छान, काचेचाही चालतो.
- काळ्या मनुका.
- भाकरीवर किंवा पावावर झाकायला स्वच्छ कापड.
- हात धुवायला तांब्या. काठ अखंड हवा, चीर किंवा भोक नको, आणि चोच असलेलं भांडं नको. दोन कानांचा खास पेला मिळतो, पण घरातला साधा तांब्या उत्तम.
- सिद्दूर, म्हणजे प्रार्थनेचं पुस्तक. मराठी अर्थासह किंवा देवनागरीत उच्चार दिलेला असला तर सुरुवातीला फार सोपं जातं.
- थर्मास, कॅसरोल, दिव्यांसाठी टायमरचा प्लग.
- लवंग, दालचिनी आणि गुंफलेली मेणबत्ती, शनिवार रात्रीसाठी.
- त्सेदाकाची, म्हणजे दानाची, पेटी. कुठलाही डबा चालेल.

एवढ्या सामानात पहिला शब्बाथ होतो. चांदीची समई, भरतकामाचं कापड वगैरे हळूहळू येतं.

१. पहिल्या आठवड्यात एकच गोष्ट धरा

पहिल्याच शनिवारी सगळे नियम पाळायला जाणारी घरं महिन्याभरात दमतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. माझं मत विचाराल तर दिव्यापासून सुरू करा. वेळेवर दिवा लावायचा आणि त्या रात्री सगळ्यांनी एकत्र जेवायचं. तो पक्का झाला की किद्दूश, मग फोन बंद, मग स्वयंपाक बंद. नवराबायकोपैकी एकालाच ओढ असेल तर हा हळू रस्ता आणखी गरजेचा आहे, कारण ज्याला ओढ नाही त्याच्यावर घरातले सगळे स्विच एकदम लादले तर शुक्रवारची रात्र भांडणात जाते.

२. गुरुवारी रात्री दोन गोष्टी

सूर्यास्ताची वेळ बघा आणि मनुका भिजत घाला.

दिवा सूर्यास्ताच्या १८ मिनिटं आधी लावायचा असतो. मुंबईत नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जुलैच्या सुरुवातीला सव्वासात उलटून जातात. म्हणजे हिवाळ्यात दिव्याची वेळ पावणेसहाच्या आतबाहेर येते. ऑफिसातून लोकलनं येणाऱ्यांची खरी अडचण हीच आहे. वरिष्ठांशी नोव्हेंबर ते जानेवारीचे शुक्रवार आधीच बोलून ठेवा. सकाळी लवकर जाऊन लवकर निघण्याची सवलत मागितली की बऱ्याचदा मिळते. दर आठवड्याला आयत्या वेळी मागितली की मिळत नाही.

शर्बताचं असं. दोन वाट्या काळ्या मनुका धुऊन चार वाट्या पाण्यात रात्रभर भिजवा. शुक्रवारी त्याच पाण्यात पाच-दहा मिनिटं उकळा, गार झाल्यावर हातानं चांगल्या कुस्करा, फडक्यातून पिळून गाळा. रंग गडद जांभळा-तपकिरी उतरतो आणि घरभर गोड वास सुटतो. कोकणात द्राक्षांची दारू मिळत नव्हती तेव्हापासून आपल्या घरांत किद्दूश यावरच होतो आणि त्यावर ‘हागेफेन’ ही द्राक्षारसाचीच बेराखा म्हणतात. नवे लोक इथे पाणी भरमसाट घालतात. मनुकांचा अर्क नीट उतरला पाहिजे. पातळ रंगीत पाण्यावर ही बेराखा म्हणता येत नाही.

३. शुक्रवारचा बाजार आणि स्वयंपाक

मटण-कोंबडी शोहेतनं (धर्मनियमानं जनावर कापणाऱ्यानं) कापलेली मिळत असेल तर उत्तम. मिळत नसेल तर जिवाला त्रास करून घेऊ नका. भारतात राहून भाजी, डाळ, भात आणि मासा यांवर सुंदर शब्बाथ होतो.

माशाला पर आणि खवले दोन्ही हवेत. पापलेट, सुरमई, रावस, हलवा, बांगडा चालतात. कोळंबी, चिंबोरी, तिसऱ्या, माकूल, मुशी, शिंगाळा चालत नाहीत. मासळी बाजारात दोन गोष्टी सांभाळा. मासा साफ करायच्या आधी खवले स्वतःच्या डोळ्यांनी बघा, कारण कातडी काढलेल्या तुकड्यावरून काही कळत नाही. पिशवीतला तयार ‘फिश फिले’ म्हणूनच घेऊ नका. दुसरं, कोळीण आत्ताच ज्या कोयत्यानं कोळंबी साफ करत होती त्यावर तुमची सुरमई जाणार असते. ‘मावशी, जरा पाणी मारून पुसून घ्या’ म्हटलं की त्या घेतात. माझ्या ओळखीच्या मावशी आता न सांगता फळीसुद्धा धुतात.

घरी आल्यावर आमच्याकडे मासा हिरव्या वाटणात आणि नारळाच्या रसात होतो. आपल्या स्वयंपाकात नारळाचा रस इतका का, हे नव्या सुनांना नेहमी सांगते: मांसाबरोबर दूध चालत नाही, त्यामुळे दाटपणा आणि गोडवा नारळानं आणायचा. मांसाच्या जेवणानंतरचं गोडही त्याच रसात करता येतं. मांसाची आणि दुधाची भांडी वेगळी हवीत. सगळं एकदम घेणं परवडत नसेल तर घर फक्त मासा-भाजी-दुधाचं ठेवा आणि मांस वेगळ्या भांड्यांची सोय होईपर्यंत बाजूला ठेवा.

शब्बाथला शिजवणं वर्ज्य असतं, म्हणून दिवा लागण्याआधी सगळं पूर्ण शिजलेलं पाहिजे. ‘नंतर एक शिटी काढू’ हे जमणार नाही. रात्रीचं जेवण शेवटच्या अर्ध्या तासात गरम करून कॅसरोलमध्ये भरा. शनिवार दुपारसाठी गार चांगलं लागतं असं करा: उकडलेली अंडी, तळलेला मासा, बटाट्याची भाजी, चपात्या. रात्रभर गॅस बारीक ठेवून त्यावर पत्रा टाकायची पद्धत काही घरांत आहे. बंद खिडक्यांच्या फ्लॅटमध्ये मला ती सुरक्षित वाटत नाही. तापमान आपोआप राखणारी विजेची शेगडी दिवा लावण्याआधीच चालू करून ठेवणं बरं.

आता सगळे विचारतात तो प्रश्न: सकाळचा चहा. शुक्रवारी आलं-वेलची घालून कडक काळा अर्क उकळून गाळून ठेवा. दूधही उकळून ठेवा. पाणी उकळून थर्मासमध्ये भरा. शनिवारी थर्मासमधलं पाणी आधी कोऱ्या कपात ओता, त्यातून दुसऱ्या कपात, मग त्यात अर्क, साखर, दूध. चव रोजच्यासारखी नसते, पण चहाच असतो. चहाची पूड मात्र शनिवारी गरम पाण्यात टाकायची नाही. ते शिजवणंच झालं.

४. घर तयार करा

शब्बाथला विजेचं बटण दाबायचं नाही, म्हणून दिव्याच्या तासभर आधी घरभर एक फेरी मारा. फ्रीजचा दिवा सैल करा किंवा त्याच्या बटणावर चिकटपट्टी लावा. गीझर बंद करा. बैठकीच्या आणि मोरीच्या दिव्यांना टायमर लावा, किंवा एक दिवा रात्रभर चालू राहू द्या. टिश्यूपेपर, ॲल्युमिनियमची फॉइल आधीच फाडून ठेवा, कारण फाडणं हेही वर्ज्य कामांत येतं. किल्ल्या, पाकीट, पेन एका खणात टाका आणि खण बंद.

फोन बंद करण्याआधी घरच्यांना आणि ऑफिसात निरोप द्या. आणि हे नीट लक्षात ठेवा: जिवाला धोका असेल तर शब्बाथचे नियम बाजूला होतात. छातीत दुखलं, लहान मुलाचा ताप उतरत नाही, बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या, तर फोन करायचा, गाडी काढायची, दवाखाना गाठायचा. तेव्हा थांबून विचार करत बसणं हीच चूक ठरते. मधुमेह किंवा इतर कायमचं दुखणं असेल तर यंत्रं, औषधं यांबद्दल रब्बींना आठवड्यात आधीच विचारून ठेवा.

मग अंघोळ आणि स्वच्छ कपडे. हे शेवटी घाईत उरकू नका.

५. दिवा

आधी त्सेदाकाच्या डब्यात नाणं टाका. शब्बाथ लागला की पैशाला हात लावायचा नाही, म्हणून हे आधी.

जुन्या घरांत काचेच्या पेल्यात खाली पाणी, वर खोबरेल तेल आणि मध्ये वात असा दिवा असे. तो लावायचा असेल तर आठवड्यात एकदा लावून बघा, किती तेलात किती तास जळतो ते. जेवण संपेपर्यंत टिकला पाहिजे आणि मध्ये तेल घालता येत नाही, वातही सरकवता येत नाही. पंख्याच्या झोतात ठेवू नका आणि मुलांच्या हाताला येईल असा ठेवू नका.

बेराखा अशी: बारूख अत्ता अदोनाय, एलोहेनू मेलेख हाओलाम, अशेर किद्देशानू बेमित्सवोथाव वेत्सिव्वानू लेहदलीक नेर शेल शब्बाथ. ‘ज्यानं आपल्या आज्ञांनी आम्हाला पवित्र केलं आणि शब्बाथचा दिवा लावायची आज्ञा दिली’ असं आपण म्हणतो. पावित्र्य आज्ञेतून येतं, आणि ती आज्ञा वात पेटवण्याची आहे. पाठ करताना देवाच्या नावाच्या जागी ‘हाशेम’ म्हणा. पूर्ण नाव फक्त खरोखर दिवा लावताना. देवाचं नाव उगाच घ्यायचं नाही.

बेराखा आधी की दिवा आधी, हे घराण्याच्या पद्धतीवर आहे. काही बायका दिवे लावून, डोळ्यांवर हात धरून मग म्हणतात. काही आधी म्हणून मग लावतात. आजीला किंवा आपल्या सिनेगॉगच्या हझानांना विचारा आणि एकच धरा. पुरुष एकटा राहत असेल तर दिवा त्यानंही लावायचाच असतो, हे बऱ्याच मुलांना ठाऊक नसतं.

वेळ चुकली, सूर्य मावळला, तर दिवा लावू नका. त्या शुक्रवारी बाकी सगळं करा: किद्दूश, जेवण, गाणी. उशिरा लावलेल्या दिव्यानं शब्बाथ मोडतो, दिव्याविना मोडत नाही.

६. टेबल

किद्दूश सिद्दूरमधून वाचा. पेला उजव्या हातात, भाकरी झाकलेल्या, सगळे ऐकतात आणि ‘आमेन’ म्हणतात. म्हणणाऱ्यानं निदान अर्ध्याहून जास्त पेला प्यायचा आणि मग बाकीच्यांना घोटघोट.

मग हात धुणं. अंगठ्या काढा, तांब्यानं उजव्या हातावर तीनदा, डाव्या हातावर तीनदा मनगटापर्यंत पाणी ओता, ‘अल नेतिलाथ यादायिम’ ही बेराखा म्हणा आणि कोरडे करा. इथून पहिला घास तोंडात जाईपर्यंत बोलायचं नाही. मुलांना ही चुप्पी फार आवडते. खाणाखुणांनी मीठ मागणं सुरू होतं.

दोन अखंड भाकरी लागतात, वाळवंटात शुक्रवारी मिळालेल्या दुप्पट मान्नाच्या (आकाशातून उतरलेल्या अन्नाच्या) आठवणीला. आमच्या घरी सोय असेल तर भाजलेले पाव, नसेल तर गव्हाच्या दोन अख्ख्या चपात्या असतात. कापलेला ब्रेड चालत नाही, त्यातला प्रत्येक तुकडा अर्धवटच. बेकरीतला पाव घेताना त्यात कुठली चरबी वापरली आहे हे विचारल्याशिवाय घेऊ नका. दोन्ही हातांत धरून ‘हमोत्सी’ ही भाकरीची बेराखा म्हणायची, मोडायचं, मिठाला लावून वाटायचं. मीठ का? जेरुसलेमच्या मंदिरातल्या वेदीवर प्रत्येक अर्पणाबरोबर मीठ असे. मंदिर पडल्यावर माणसाचं जेवणाचं टेबल वेदीच्या जागी आलं, असं आपले रब्बी सांगून गेले. पाहुण्याला, भुकेल्याला त्या टेबलावर जागा देणं हे त्याचं अर्पण.

आणि माशाचे काटे! निवडणं, म्हणजे चांगल्यातून वाईट वेचून काढणं, हे शब्बाथला वर्ज्य कामांपैकी एक आहे. तांदूळ निवडणं सरळ वर्ज्य. म्हणून ताटातल्या बांगड्याचे काटे आधी एकेक वेचून बाजूला ठेवायचे नाहीत. मांस काट्यावरून सोडवून घास घ्यायचा, काटा मागे राहू द्यायचा. कोकणातला माणूस एरवीही असाच खातो. लहान मुलांसाठी काटे काढलेला मासा शुक्रवारीच तयार ठेवा.

७. शनिवारचा दिवस

वर्ज्य कामं ३९ आहेत: पेरणं, मळणं, शिजवणं, रंगवणं, विणणं, लिहिणं, पेटवणं, विझवणं, सार्वजनिक जागेत वाहून नेणं वगैरे. ती वाळवंटात मिश्कान, म्हणजे तंबूचं पवित्रस्थान, बांधताना लागलेल्या कामांवरून ठरवली आहेत. त्यामुळे घाम येतो की नाही यावर काही ठरत नाही. घरातलं जड टेबल सरकवता येतं, बल्बचं बटण दाबता येत नाही.

लोक हमखास कुठे अडखळतात ते सांगते. सांडलेलं पाणी फडक्यानं पुसून फडकं पिळणं. कोशिंबीर अगदी बारीक चिरणं (जाड चिरा, आणि जेवायच्या जरा आधीच). खिशात किल्ली घालून बाहेर पडणं. ती शेजाऱ्यांकडे आधीच देऊन ठेवा. लिफ्ट. आणि कामाला येणाऱ्या मावशींना ‘तेवढा दिवा लावता का’ म्हणणं. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण ते बिनदिक्कत केलं जातं. आपल्यासाठी वर्ज्य असलेलं काम दुसऱ्याला करायला सांगता येत नाही, आणि दहा आज्ञांमधल्या शब्बाथच्या आज्ञेत तुझा नोकर, तुझी दासी, तुझं जनावर यांची विश्रांतीही लिहिलेली आहे. शनिवारी मावशींना भरपगारी सुट्टी द्या. आमच्या घरी भांडी रविवारी सकाळपर्यंत पडून राहतात आणि काही बिघडत नाही.

मग दिवसभर करायचं काय? झोपा, तोरामधला (मोशेच्या पाच ग्रंथांमधला) त्या आठवड्याचा भाग वाचा, चालायला जा, मुलांशी खेळा, शेजारी जाऊन बसा. पहिले काही शनिवार दुपार लांबल्यासारखी वाटेल. तिला वेळ द्या.

८. हावदाला

आकाशात तीन तारे दिसले की शब्बाथ संपतो, आणि हावदाला म्हणजे त्याला निरोप द्यायचा विधी. ढगाळ असेल तर पंचांगातली वेळ बघा. शर्बताचा पेला, वासाला लवंग-दालचिनी, एकाहून जास्त वातींची मेणबत्ती. गुंफलेली नसेल तर दोन मेणबत्त्यांच्या ज्योती जोडून धरा. बेराखा म्हणायची, मसाल्याचा वास घ्यायचा, ज्योतीच्या उजेडात बोटांची नखं बघायची, मग शर्बत प्यायचं. चव, वास, उजेड, सगळं इंद्रियांनी. मेणबत्ती धरायचं काम घरातल्या सगळ्यात धाकट्याला द्या.

९. उरलेले सहा दिवस

शब्बाथ स्थिरावला की रोजच्या बेराखोथकडे (बेराखाचं अनेकवचन) वळा. दिवसाला शंभर म्हणाव्या असं रब्बी मेईर सांगतात. प्रार्थना आणि जेवणं नीट झाली तर त्या आपोआप भरतात. सुरुवात दोनच करा.

पहिली, डोळे उघडताच ‘मोदे आनी’ (बायकांनी ‘मोदा आनी’). त्यात देवाचं नाव नाही, म्हणून हात न धुता, अंथरुणातच म्हणता येते.

दुसरी माझी सर्वांत आवडती, आणि नव्या लोकांना सर्वांत अवघड वाटणारी: ‘अशेर यात्सार’. ती मोरीतून बाहेर आल्यावर, हात धुऊन म्हणायची. ज्यानं माणूस शहाणपणानं घडवला, त्यात छिद्रं आणि पोकळ्या केल्या. त्यातलं एक जरी बंद झालं किंवा एक जरी फुटलं तरी तुझ्यापुढे उभं राहणं अशक्य झालं असतं, असा तिचा अर्थ. तालमूदमध्ये ती अबाये या रब्बींच्या नावावर आहे. ज्यानं मुतखड्याच्या कळा सोसल्या आहेत, ज्याच्या घरी कुणी डायलिसिसवर आहे, त्याला ही बेराखा समजावून सांगावी लागत नाही. माझ्या सासऱ्यांचं ऑपरेशन झालं, नळी निघाली आणि त्यांनी इस्पितळाच्या खोलीत ती पहिल्यांदा मोठ्यानं म्हटली. शेजारच्या खाटेवरच्या काकांनी अर्थ विचारला, आणि ऐकून हात जोडले. प्राचीन गुरू हिलेल यांच्याबद्दलही असंच सांगतात: स्नानाला निघाले असताना शिष्यांनी विचारलं, कुठे चाललात? तर म्हणाले, मित्सवा (देवाची आज्ञा) करायला. राजाचे पुतळे घासायलासुद्धा माणूस नेमलेला असतो, आपण तर देवाच्या प्रतिमेत घडलेलो आहोत.

खाण्याच्या बेराखोथ शिकायला आपल्याकडे फार छान शाळा आहे, ती म्हणजे मलिदा. गोड पोहे, ओलं खोबरं, सुकामेवा, वर फळं, आणि एलियाहू हानाबी या संदेष्ट्यांची आठवण. लग्नाआधी, आजारातून उठल्यावर, नवस फेडताना आपण तो करतो. ताटातल्या फळांवर वेगवेगळ्या बेराखोथ होतात, तिथे नीट लक्ष दिलं की रोजचं जेवण सुटतं. झाडाच्या फळावर, म्हणजे आंबा, खजूर, सफरचंद, ‘हाएत्स’. भाज्यांवर ‘हाअदामा’, आणि केळ्यावरसुद्धा हीच. कारण केळीचा बुंधा घड देऊन मरतो, त्याला झाड धरत नाहीत. पाणी, दूध, मासा, अंडं, चहा यांवर ‘शेहाकोल’. शिऱ्यावर, बिस्किटावर, भातावर ‘मेझोनोथ’. शंका आली तर घास खाली ठेवून विचारा.

दाराला मेझुझा (तोरातल्या वचनांचा लेख ठेवलेली डबी) लावायची असेल तर आत शिरताना उजव्या बाजूला, चौकटीच्या वरच्या तिसऱ्या भागाच्या तळाशी. आतला चामड्यावरचा लेख सोफेरनं (धर्मलेखकानं) हातानं लिहिलेला हवा. बाजारात सुंदर डबीत छापील कागद घालून विकतात, तो निरुपयोगी आहे. पैसे लेखावर खर्च करा, डबीवर नको.

१०. पगार आणि वजनकाटा

‘तुम्ही पवित्र व्हा, कारण मी पवित्र आहे’ हे तोराच्या तिसऱ्या ग्रंथातल्या १९व्या अध्यायात आहे. त्याच्या पुढची वचनं वाचा: शेताचा कोपरा गरिबासाठी सोडा, मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नका, बहिऱ्याला शिव्या देऊ नका, तराजू आणि मापं खरी ठेवा. पवित्र कसं व्हायचं याचं उत्तर तिथं सरळ दिलेलं आहे. म्हणून मावशींचा पगार एक तारखेला, सुतार-प्लंबरचे पैसे काम झालं त्याच दिवशी. पाच हजार हातात असताना ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणणं आणि शुक्रवारी तासभर दिव्यापुढे उभं राहणं, हे दोन्ही एका घरात नांदू नये. दुकान असेल तर काटा तपासून घ्या. माझ्या मते दिव्यानंतर धरायची दुसरी गोष्ट हीच असावी. मी ती दहाव्या क्रमांकावर लिहिली, कारण तिला कुठलंही सामान लागत नाही.

११. सिनेगॉगशी नातं जोडा

घरी कितीही केलं तरी तोरावाचनाला आणि काही प्रार्थनांना मिनयान, म्हणजे दहा पुरुष, लागतात. महिन्यातून एकदा तरी जा. मुंबईतलं आपलं पहिलं सिनेगॉग, शाआर हाराहामीम, १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकरांनी बांधलं. पनवेलचं बेथ एल १८४९चं, ठाण्याचं शाआर हाशामायिम १८७९चं. पुण्यात लाल देऊळ, म्हणजे १८६७चं ओहेल डेव्हिड, आणि रास्ता पेठेतलं सुक्काथ शेलोमो आहे.

२००८च्या मुंबईवरच्या हल्ल्यानंतर सगळीकडे सुरक्षा कडक आहे. पहिल्यांदा जाणार असाल तर आठवड्यात कधीतरी फोन करून नाव सांगा आणि ओळखपत्राचं कसं करायचं ते विचारून ठेवा. काही ठिकाणी ते आधी दाखवून नोंद करावी लागते, म्हणजे शनिवारी सोबत न्यायचा प्रश्न येत नाही. पुरुषांनी डोकं झाकायचं, बायका बहुतेक ठिकाणी सज्जात किंवा वेगळ्या बाजूला बसतात. शब्बाथला फोटो काढायचे नाहीत, आणि हे यहुदी नसलेल्या पाहुण्यांनाही लागू आहे.

तुमचे मराठी मित्र शुक्रवारी जेवायला येणार असतील तर त्यांना आधीच सांगा: सूर्यास्तानंतर पोचाल तर बेल वाजवू नका, दारावर टकटक करा, बाहेरचं शिजवलेलं काही आणू नका, फुलं किंवा फळं आणायची तर दिव्याआधी पाठवा.

प्रश्न वहीत लिहीत जा आणि गुरुवारी संध्याकाळपर्यंत विचारून घ्या. शुक्रवारी दुपारी हझानही स्वयंपाकघरात असतात, आणि शनिवारी फोन कुणी उचलत नाही.